लॅमिन ए कुणाला धरून आहे? मानवी पेशीतले प्रोटीन-संबंध शोधताना पद्धत कशी निवडावी

माणसात प्रोटीन बनवणारी जनुकं साधारण २०,००० आहेत. प्रत्येक जनुकाचं एकच प्रोटीन धरलं तरी दोन-दोनच्या जोड्या जवळपास २० कोटी होतात. त्यातल्या खऱ्या किती, हे शोधण्याचं काम गेली तीस-पस्तीस वर्षं चाललंय. एम.एस्सी. करून पहिल्यांदा लॅबमध्ये आलेली मुलं मला हमखास विचारतात, "यातली सगळ्यात चांगली पद्धत कोणती?"

या प्रश्नाला उत्तर नाही, कारण प्रत्येक पद्धत वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. एका प्रोटीनवर काही वर्षं घालवल्यावर कळलं. तेच प्रोटीन, लॅमिन ए, मी या लेखभर हाताशी ठेवणार आहे. पेशीच्या केंद्रकाला जे आवरण असतं, त्याच्या आतल्या बाजूनं लॅमिनची जाळी असते. केंद्रकाचा आकार ती सांभाळते, आणि क्रोमॅटिनही (प्रोटीनांवर गुंडाळलेला डीएनए) तिला धरून असतं. हे प्रोटीन बनवणाऱ्या एलएमएनए जनुकात बिघाड झाला, तर कुणाला स्नायूंचा आजार होतो, कुणाला हृदयाचा, आणि एका विशिष्ट बदलानं प्रोजेरिया होतो, ज्यात मूल काही वर्षांतच म्हातारं दिसू लागतं. एकाच जनुकातून इतके वेगवेगळे आजार कसे होतात, हे समजून घ्यायचं तर लॅमिन ए कुणाकुणाला धरून आहे, हे माहीत असायला हवं.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

वहीत, मराठीत लिहिला तरी चालेल. मी मुलांना मराठीतच लिहायला सांगते, कारण इंग्रजीत "इंटरॅक्शन" असा एकच शब्द वापरून तीन वेगळ्या गोष्टी झाकता येतात. मराठीत लिहायला बसलात की ठरवावं लागतं: चिकटतं म्हणायचंय, बरोबर असतं म्हणायचंय, की जवळ असतं म्हणायचंय?

"लॅमिन ए आणि एमरिन एकमेकांना थेट चिकटतात का?" हा झाला एक प्रश्न (एमरिन हे केंद्रकाच्या आवरणातलं प्रोटीन). इथे मध्ये तिसरं कुणी नको. "लॅमिन ए कोणकोणत्या प्रोटीनांच्या संचात असतं?" हा दुसरा. संचातली सगळी एकमेकांना चिकटलेली असतील असं नाही, पण सगळी एका गाठोड्यात बाहेर येतात. "जिवंत पेशीत लॅमिन ए च्या आसपास कोण वावरतं?" हा तिसरा. आसपास वावरणारा दर वेळी नात्यातला असतोच असं नाही.

यातला कोणता प्रश्न आपला, हे ठरल्याशिवाय एकही क्लोन (आपल्या प्रोटीनचं जनुक बसवलेला डीएनए) बनवायला घेऊ नका. क्लोनिंगपासून मास स्पेकच्या (प्रोटीनांचे तुकडे वजनावरून ओळखणारं यंत्र) निकालापर्यंत सहा महिने सहज जातात, आणि प्रश्न चुकला असेल तर ते शेवटीच कळतं.

दुसरी पायरी: प्रश्नाला पद्धत जोडा

थेट चिकटण्याचा प्रश्न असेल तर जुनी, कसलेली पद्धत म्हणजे यीस्ट टू-हायब्रिड. स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी ती १९८९ मध्ये मांडली. गॅल४ नावाच्या प्रोटीनचे दोन भाग असतात. एक डीएनएला धरतो, दुसरा जनुक चालू करतो. एक भाग आपल्या पहिल्या प्रोटीनला जोडायचा, दुसरा दुसऱ्याला. ती दोन प्रोटीनं एकमेकांना चिकटली, तर गॅल४ चे दोन्ही भाग जवळ येतात, रिपोर्टर जनुक (इथे हिस्टिडिन हे अमिनो आम्ल बनवू देणारं) चालू होतं आणि हिस्टिडिन नसलेल्या प्लेटवरही यीस्ट वाढतं. प्लेटवर वसाहत दिसते की नाही, एवढंच बघायचं. म्हणूनच ही पद्धत हजारो जोड्यांना झेपते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला हुरी हा मानवी प्रोटीनांचा नकाशा याच पद्धतीनं बनला, आणि त्यात सुमारे ५३,००० जोड्या आहेत.

पण इथे जोडी जुळते ती यीस्टच्या केंद्रकात. मानवी पेशीत प्रोटीनवर होणारे बदल, उदाहरणार्थ विशिष्ट ठिकाणी लागणारा फॉस्फेट, तिथे होतीलच याची खात्री नाही. पटलात रुतून राहणाऱ्या प्रोटीनांचे या साध्या रूपात हाल होतात. काही प्रोटीनं तर कुणाच्याही मदतीशिवाय रिपोर्टर चालू करतात. त्यामुळे प्रत्येक प्रोटीन आधी एकटं तपासायचं आणि मगच जोडीला लावायचं. यीस्टमध्ये दोन प्रोटीनं भेटली म्हणजे मानवी पेशीतही त्यांची कधी गाठ पडते, असं नाही. ती दोन एकाच पेशीत, एकाच वेळी, एकाच कप्प्यात असतात का, हे वेगळं दाखवावं लागतं.

संचाचा प्रश्न असेल तर एपी-एमएस, म्हणजे प्रोटीन धरून ओढायचं आणि बरोबर आलेले मास स्पेकनं ओळखायचे. आपल्या प्रोटीनला टॅग (ओळखीसाठी जोडलेला तुकडा) लावायचा, पेशी सौम्य डिटर्जंटमध्ये फोडायच्या, टॅगला धरणारे बीड्स (बारीक मणी) त्यात फिरवायचे, धुवायचे, आणि जे अडकून राहिलं ते ट्रिप्सिन या एन्झाइमनं तोडून मास स्पेकला द्यायचं. ज्या प्रोटीनला टॅग लावतो त्याला लॅबमध्ये "बेट" म्हणतात, म्हणजे आमिष. हार्वर्डमधल्या बायोप्लेक्स प्रकल्पानं हेच हेक२९३टी या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींमध्ये १०,००० हून जास्त आमिषं घेऊन केलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तिसऱ्या आवृत्तीत एकट्या या पेशींतले सुमारे १,१८,००० संबंध आहेत. त्याच लेखात त्यांनी एचसीटी११६ या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींमध्येही तेच काम केलं, आणि पेशी बदलली की जाळंही बदलतं, हे समोर आलं. तुमची सेल लाइन (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या एकाच प्रकारच्या पेशी) कोणती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. शेजारच्या बाकावर वाढतेय म्हणून हेक पेशी घेऊ नका. तुमचं प्रोटीन जिथे खरोखर काम करतं, त्याच्या जवळची सेल लाइन शोधा.

हुरी आणि बायोप्लेक्स हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले तर सामाईक जोड्या थोड्याच निघतात. नवख्या वाचकाला वाटतं, यातला एक खोटा असणार. तसं नाही. एकानं थेट स्पर्श मोजला, दुसऱ्यानं गाठोडं उचललं. यीस्टमध्ये एकेकटी जोडी जुळते. पेशीतून उचललेल्या संचात दहा जण मिळून एकमेकांना सांभाळून असतात, आणि त्यातले कुठलेही दोन वेगळे काढले तर सुटूही शकतात.

एपी-एमएसची अडचण मला लॅमिननं शिकवली. पेशी सौम्य डिटर्जंटमध्ये फोडल्या की बरंचसं प्रोटीन विरघळून वर येतं आणि लॅमिनची जाळी ट्यूबच्या तळाशी गोळा होऊन बसते. लॅमिना वेगळी काढायची जुनी रीतच ती आहे: डिटर्जंट आणि भरपूर मीठ वापरून बाकी सगळं धुऊन टाकायचं, उरते ती लॅमिना. आता तिला विरघळवायला कडक डिटर्जंट घ्यावा तर तिला धरून बसलेले सगळेच सुटतात. सौम्य घ्यावा तर ती बाहेरच येत नाही.

तिसरी पायरी: आधी खूण करा, मग पेशी फोडा

याच पेचातून बायोआयडी ही पद्धत आली. २०१२ मध्ये काइल रॉक्स, ब्रायन बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मांडली, आणि त्यांचं पहिलं आमिष लॅमिन ए हेच होतं. ई. कोलाय जिवाणूत बिरए नावाचं एन्झाइम असतं. ते बायोटिन या जीवनसत्त्वाला उत्तेजित रूप देतं आणि ठरावीक ठिकाणीच चिकटवतं. एका अमिनो आम्लाच्या बदलानं त्याची पकड ढिली केली, की हे उत्तेजित बायोटिन हातातून निसटतं आणि जवळपास जे लायसिन (एक अमिनो आम्ल) सापडेल त्याला जाऊन चिकटतं. असं ढिलं बिरए लॅमिन ए ला जोडायचं आणि पेशींना बायोटिन द्यायचं. लॅमिनच्या आसपासच्या प्रोटीनांवर खूण पडत जाते. मग पेशी कितीही निर्दयपणे फोडली तरी बिघडत नाही, कारण माहिती आता चिकटून राहण्यात नाही, खुणेत आहे. स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचं प्रोटीन बायोटिनला इतकं घट्ट धरतं की बीड्स २ टक्के एसडीएस या कडक डिटर्जंटमध्ये धुतले तरी ते सोडत नाही. त्या पहिल्याच लेखात, केंद्रकाच्या आवरणात असल्याचं आधी ठाऊक नसलेलं एक प्रोटीन हाती लागलं होतं.

खूण किती लांबपर्यंत पडते? दोनच वर्षांनी याच गटानं केंद्रकछिद्राचा फूटपट्टीसारखा उपयोग करून हे मोजलं. त्या छिद्रातले घटक एकमेकांपासून किती अंतरावर असतात हे ठाऊक आहे. उत्तर आलं साधारण १० नॅनोमीटर. प्रोटीनांच्या मापानं हा परीघ लहान नाही. त्यात थेट चिकटलेला येतो, त्याच्या पलीकडचा येतो, आणि नुसता जाता जाता थांबलेलाही येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मूळ बायोआयडीला १८ ते २४ तास लागतात. तेवढ्या वेळात बऱ्याच पेशी एकदा विभागून होतात, आणि विभाजनात लॅमिनची जाळी सुटून पेशीभर पसरते. शिवाय नवीन लॅमिन बनतं केंद्रकाबाहेर आणि मग आत नेलं जातं. म्हणजे तुमच्या यादीत लॅमिनला आत नेणारी इंपोर्टिन असतील, विभाजनाच्या वेळी भेटलेली प्रोटीनं असतील आणि जाळीचे कायमचे सोबतीही असतील. हा चोवीस तासांचा हिशोब आहे, एका क्षणाचा फोटो नाही. मला हे फार उशिरा उमगलं. त्यामुळे आता प्रत्येक नावापुढे मी आधी लिहिते: हे लॅमिनला कधी भेटलं असेल?

क्षणाचाच प्रश्न असेल, समजा पेशीला ताण दिल्यावर दहा मिनिटांत काय बदलतं, तर टर्बोआयडी घ्या. ॲलिस टिंग यांच्या गटानं बिरए ला यीस्टमध्ये फेरीमागून फेरी निवडत २०१८ मध्ये ते बनवलं, आणि त्याला दहा मिनिटं पुरतात. पण ते इतकं चपळ आहे की बायोटिन न देताही सीरममधल्या बायोटिनवर खुणा करत सुटतं. इथे माध्यमाची बाटली उलटी करून घटक वाचा. आरपीएमआय १६४० मध्ये बायोटिन मुळातच घातलेलं असतं. साध्या डीएमईएममध्ये नसतं, तिथे ते फक्त सीरममधून येतं. त्याहूनही झटपट हवं असेल तर अपेक्स हे एन्झाइम. त्यात पेशींना आधी अर्धा तास बायोटिन-फिनॉल देतात आणि मग फक्त एक मिनिट हायड्रोजन पेरॉक्साइड. तिथे खूण टायरोसिनवर पडते. मात्र पेरॉक्साइड हा स्वतःच पेशीला ताण आहे, हे ताणावरच काम करणाऱ्यांनी विसरू नये.

चौथी पायरी: टॅग कुठल्या टोकाला?

हे किरकोळ वाटतं आणि इथेच सगळं फसतं. लॅमिन ए चं उदाहरण बघा. ते आधी प्रीलॅमिन ए म्हणून बनतं. त्याच्या सी टोकाला (प्रोटीनच्या साखळीचं शेवटचं टोक) चार अमिनो आम्लांची एक ओळख असते, तिच्यावर फार्निसिल नावाची चरबीची शेपटी लागते, आणि शेवटी झेडएमपीएसटीई२४ हे एन्झाइम ते टोकच कापून टाकतं. प्रोजेरियात होतं ते असं की कापायची जागाच गहाळ होते, आणि शेपटी कायमची राहते. आता याच टोकाला टॅग लावला तर ती ओळख झाकली जाते आणि पुढचं काहीच होत नाही. तुम्ही ज्याचा अभ्यास करताय ते मग लॅमिन ए राहतच नाही. म्हणून टॅग एन, म्हणजे सुरुवातीच्या टोकाला.

तुमच्या प्रोटीनसाठी हेच तपासा: कुठलं टोक कापलं जातं, कुठल्या टोकावर ते कुठे जायचं याचा पत्ता आहे, कुठलं टोक आत दडलेलं आहे. आल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीनं अंदाजलेली रचना उघडली तर शेवटच्या प्रश्नाचं बऱ्यापैकी उत्तर पाच मिनिटांत मिळतं. पहिल्या दोनसाठी जुने लेख वाचावे लागतात. शंका राहिली तर दोन्ही टोकांचे वेगवेगळे क्लोन करा.

मग प्रमाण. तात्पुरत्या ट्रान्सफेक्शननं (बाहेरून जनुक पेशीत घालून) पेशीत प्रोटीनचा पूर येतो. लॅमिन ए जास्त झालं की केंद्रकं वेडीवाकडी होतात आणि आत गुठळ्या दिसतात. अशा पेशींमधून आलेली यादी त्या गुठळ्यांची असते. डॉक्सिसायक्लिन या औषधानं हळू चालू करता येणारी कायमची सेल लाइन बनवा. त्याहून बरं म्हणजे क्रिस्पर या जनुक बदलायच्या तंत्रानं मूळ जनुकालाच टॅग लावणं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनसेल प्रकल्पानं १,३१० मानवी प्रोटीनांना असा मूळ जागीच चमकणारा टॅग लावून जागा आणि सोबती दोन्ही नोंदवले. मोठ्या प्रमाणावर हे जमतं, तर एका प्रोटीनसाठी नक्कीच जमावं.

टॅग लावल्यावर पहिलं काम सूक्ष्मदर्शकाखाली. लॅमिन ए चं प्रोटीन केंद्रकाच्या कडेला बारीक कड्यासारखं दिसलं पाहिजे. त्याच पेशींवर चमकणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन टाकलं तर तेही त्याच कड्यावर बसलं पाहिजे. कडं दिसलं नाही तर पुढे जाऊ नका.

पाचवी पायरी: कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना

इथे जरा थांबते, कारण माझा एक पूर्ण महिना इथेच गेला होता. पहिल्यांदा बायोआयडीची यादी हातात आली, तेव्हा सगळ्यात वरच्या नावांत पायरुव्हेट कार्बोक्झिलेझ होतं. चयापचयातलं एन्झाइम, मायटोकॉन्ड्रियात राहणारं, आणि लॅमिनच्या यादीत अगदी वर! मी वाचायला बसले. लॅमिन आणि चयापचय यांच्यावरचे लेख गोळा केले, आकृती काढली, गाइडना दाखवायची तयारी केली. लॅबमधल्या एका सीनियर ताईंनी आकृती बघितली आणि म्हणाल्या, "अगं, बिरए नसलेल्या पेशींचा स्ट्रेप्टॅव्हिडिन ब्लॉट दाखव बरं."

ब्लॉट म्हणजे प्रोटीनं आकारानुसार पसरवून त्यातली बायोटिन असलेली तेवढी पट्ट्यांसारखी दाखवणारी चाचणी. तो मी केलाच नव्हता. दोन दिवसांनी केला. आमिष नाही, बिरए नाही, साध्या पेशी. तरीही ब्लॉटवर पट्ट्या होत्या: १३० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) सुमारास एक, ७५ च्या जवळ एक जाड. माणसाच्या पेशीत काही कार्बोक्झिलेझ एन्झाइमांवर बायोटिन मुळातच असतं, त्याशिवाय ती काम करत नाहीत. १३० वरची पट्टी म्हणजे माझं पायरुव्हेट कार्बोक्झिलेझ. ७५ जवळची म्हणजे प्रोपिओनिल आणि मिथाइलक्रोटोनिल कोए कार्बोक्झिलेझ. त्यांचा लॅमिनशी काडीचा संबंध नव्हता. ती प्रत्येक पेशीत होती, आणि मी बीड्सवर त्यांनाच उचलून आणलं होतं.

त्यानंतर माझा ब्लॉट नेहमी असा लागतो. पहिल्या खाचेत साध्या पेशी, बायोटिन देऊन. दुसरीत आमिष, बायोटिनशिवाय. तिसरीत आमिष, बायोटिन देऊन. चौथीत नुसतं बिरए, पण केंद्रकात जायचा पत्ता जोडलेलं, बायोटिन देऊन. पहिलीत त्या ओळखीच्या पट्ट्या तेवढ्या दिसाव्यात. तिसरीत वरपासून खालपर्यंत पट्ट्यांची दाट ओळ दिसावी. दुसरी पहिलीसारखी दिसली तर उत्तम. टर्बोआयडीत ती तशी दिसत नाही, आणि किती गडद दिसते यावरून गळती कळते. तिसरी आणि चौथी यांतला फरक म्हणजे तुमचा निकाल. चौथी का हवी? केंद्रकात मोकळं फिरणारं बिरए सुद्धा हिस्टोनांवर आणि आरएनए बांधणाऱ्या प्रोटीनांवर खुणा करतं, कारण ती तिथे ढिगानं असतात. नुसत्या साध्या पेशींशी तुलना केली तर केंद्रकातलं प्रत्येक मुबलक प्रोटीन लॅमिनचं सोबती वाटेल.

एपी-एमएसमध्येही तत्त्व हेच, चोर वेगळे. तिथे बीड्सना आपणहून चिकटणारी मंडळी असतात: ट्युब्युलिन, ॲक्टिन, रायबोसोमची प्रोटीनं, एचएसपी७० आणि तिची भावंडं. केराटिन तर आपल्याच त्वचेतून आणि केसांतून येतं. थंडीत लोकरीचा स्वेटर घालून बाकावर काम करणाऱ्यांच्या नमुन्यात मेंढीचं केराटिनही सापडतं. हातमोजे, स्वच्छ बाक, झाकलेल्या ट्यूब. कंट्रोल म्हणून तोच टॅग लावलेलं जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन), तेवढ्याच प्रमाणात. बीड्सवर वारंवार दिसणाऱ्या प्रोटीनांची क्रॅपोम नावाची सार्वजनिक यादी २०१३ पासून उपलब्ध आहे. ती वापरा, पण तिच्या भरवशावर स्वतःचा कंट्रोल सोडू नका. आणि तुमचं प्रोटीन डीएनए किंवा आरएनए धरणारं असेल तर न्यूक्लिएझ घाला. नाहीतर एकाच डीएनएच्या धाग्यावर लांब लांब बसलेले दोघे एकत्र उचलले जातात आणि जोडी असल्यासारखे दिसतात.

रेप्लिकेट, म्हणजे प्रयोगाच्या पुनरावृत्ती, किमान तीन, आणि तेही वेगवेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींचे. एकाच लायसेटचे (फोडलेल्या पेशींचं द्रव) तीन भाग म्हणजे तीन रेप्लिकेट नव्हेत.

सहावी पायरी: प्रत्यक्ष काम

बायोआयडीसाठी मी साधारण चार कोटी पेशी घेते. बायोटिन ५० मायक्रोमोलर, रात्रभर. दुसऱ्या दिवशी थंड पीबीएस या खारट बफरनं नीट धुवायचं, दोन-तीनदा. मोकळं राहिलेलं बायोटिन गेलं नाही तर तेच बीड्सवर जागा अडवून बसतं, आणि खूण असलेली प्रोटीनं पाण्याबरोबर वाहून जातात. पेशी एसडीएस असलेल्या बफरमध्ये फोडल्या की डीएनए बाहेर येतो आणि ट्यूबमधलं द्रव शेंबडासारखं तार धरतं. पिपेटनं ओढलं तर सगळंच एकदम वर येतं. ही तार सॉनिकेशननं (ध्वनिलहरींच्या माऱ्यानं) तुटेपर्यंत पुढे जाऊ नका. टीप वर उचलल्यावर थेंब सुटा पडला की समजायचं, झालं. मग बीड्स, चुंबकाच्या स्टँडवर धुणं, आणि शेवटच्या धुण्यांत डिटर्जंट पूर्ण काढून टाकणं, कारण उरलेला डिटर्जंट मास स्पेकचा संकेत दाबून टाकतो. शेवटी अमोनियम बायकार्बोनेटमध्ये बीड्सवरच ट्रिप्सिन.

ट्रिप्सिन घालण्याआधी थोडे बीड्स बाजूला काढून ब्लॉट लावा. मास स्पेकच्या यंत्राचे तास महाग असतात आणि रांगेत थांबूनच मिळतात. ब्लॉट बरा नसेल तर नमुना पाठवू नका.

सातवी पायरी: यादी वाचणं

यादी लांब आली म्हणून आनंद मानू नका. सेंट नावाचं सॉफ्टवेअर प्रत्येक प्रोटीन कंट्रोलमध्ये किती दिसलं आणि आमिषाबरोबर किती दिसलं, यावरून संबंध खरा असण्याची शक्यता काढतं. चुकीचा दर १ टक्क्याच्या आत ठेवला तर शेकड्यांनी असलेली नावं बरीच खाली येतात. जी गळाली त्यातली काही खरी असतील, विशेषतः कमी प्रमाणात असणारी. पण सुरुवातीला कडक गाळणीच बरी.

आता एक सवय लावून घ्या. आधी ठाऊक असलेले सोबती यादीत आहेत का ते बघा. लॅमिन ए च्या यादीत लॅमिन बी१, एमरिन, लॅप२, केंद्रकछिद्रातलं नप१५३ दिसायला हवेत. ओळखीचेच आले नाहीत तर अनोळख्यांवर विश्वास कशाला ठेवायचा? एखादं ओळखीचं नाव नसेल तर त्याचंही कारण शोधा. त्याच्या उघड्या भागात लायसिन कमी असतील तर बायोआयडीला ते दिसणारच नाही. ट्रिप्सिननं तुटल्यावर त्याचे तुकडे फार आखूड होत असतील तर मास स्पेकला दिसणार नाही. यादीत नाही म्हणजे पेशीत नाही, असं कधीच लिहू नका.

करोनाच्या काळातलं एक काम या वाचनासाठी चांगलं आहे. २०२० मध्ये एका मोठ्या गटानं सार्स-कोव्ह-२ ची २६ प्रोटीनं एकेक करून हेक२९३टी पेशींत घालून एपी-एमएस केलं आणि मानवी प्रोटीनांशी ३३२ संबंध नोंदवले. त्यातून औषधांचे किती तरी धागे मिळाले, आणि ते काम ज्या वेगानं झालं त्याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण वाचताना लक्षात ठेवायचं की प्रत्येक प्रोटीन एकटं होतं, भरपूर होतं, आणि पेशीला विषाणूचा संसर्ग झालेलाच नव्हता. ज्या जोडीसाठी विषाणूची दोन प्रोटीनं एकत्र लागतात, ती तिथे दिसणं शक्य नव्हतं.

आठवी पायरी: दुसऱ्या वाटेनं तपासा

यादीतलं एखादं नाव निवडलंत की ते वेगळ्या तत्त्वावरच्या पद्धतीनं तपासा. बायोआयडीचा निकाल टर्बोआयडीनं पुन्हा दाखवणं म्हणजे त्याच साक्षीदाराला दुसऱ्यांदा उभं करणं. टॅग न लावलेल्या मूळ प्रोटीनवरची अँटिबॉडी घेऊन को-आयपी (एक प्रोटीन ओढून दुसरं बरोबर येतं का पाहणं) करा, आणि ती अँटिबॉडी खरी आहे हे ते जनुक बंद केलेल्या पेशींत दाखवा. प्रॉक्सिमिटी लायगेशन पेशीतच ठिपके दाखवतं, पण त्याचा पल्ला साधारण ४० नॅनोमीटरपर्यंत जातो, त्यामुळे थेट स्पर्शाचा पुरावा म्हणून ते पुरत नाही. फ्रेटला (एका चमकणाऱ्या टॅगची ऊर्जा दुसऱ्याला जाते का हे मोजणं) दोघांनी १० नॅनोमीटरच्या आत यावं लागतं. क्रॉसलिंकिंग मास स्पेक (जवळची प्रोटीनं रसायनानं बांधून मग तपासणं) तर कुठलं लायसिन कुठल्या लायसिनजवळ आहे इथपर्यंत सांगतं, मात्र बहुतेक वेळा मुबलक प्रोटीनांबद्दलच. संच तपासायचा असेल आणि टॅग लावायचाच नसेल, तर लायसेट आकारानुसार वेगळं करून कोण कोणाबरोबर एकाच अंशात येतं ते बघणारी को-फ्रॅक्शनेशन पद्धत आहे. तिचा मोठा गुण हा की पेशीत काहीच बदलावं लागत नाही. लॅमिनसारख्या न विरघळणाऱ्या प्रोटीनला मात्र तीही निरुपयोगी.

सगळ्यात पक्का पुरावा मला एकच वाटतो. संगणकाच्या अंदाजावरून किंवा तुकडे करून चिकटण्याची जागा शोधा, तिथलं एखादंच अमिनो आम्ल बदला, आणि बाकी प्रोटीन जसंच्या तसं असताना फक्त ती एक जोडी सुटते का बघा. ती सुटली आणि पेशीत काही बदललं, तर त्या जोडीला काम आहे.

नोंद कशी ठेवायची

वहीत प्रत्येक प्रयोगापुढे एवढं हवंच: सेल लाइन आणि तिचा पॅसेज (ती किती वेळा नव्या भांड्यात हलवली), टॅग कुठल्या टोकाला, मूळ प्रोटीनच्या तुलनेत टॅगवालं किती, बायोटिन किती आणि किती तास, माध्यम कोणतं, बफरमधला डिटर्जंट आणि मीठ, कंट्रोल कोणते. लेख लिहिताना मास स्पेकच्या कच्च्या फाइल प्राइडसारख्या सार्वजनिक संग्रहात ठेवा, कंट्रोलच्या फाइलीही त्याच नावानं, त्याच दिवशी. गाळणीत गळालेली नावंही पूर्ण तक्त्यात राहू द्या. तुमच्या यादीत खाली गेलेलं एखादं प्रोटीन दुसऱ्या कुणाच्या यादीत वर आलेलं असेल, आणि तो माणूस ते तुमच्या तक्त्यात शोधायला येईल.